शालिकराम सरांचा बीबॉप

शालिकराम सरांना माफ करता येत नसे. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माणूस गेला की लोक त्याचा संत करून मोकळे होतात. अमरावतीच्या ज्या हायस्कुलात ते आम्हाला संगीत शिकवत, तिथे परवा त्यांच्या फोटोला हार घातला. एका वक्त्याने त्यांना ‘क्षमाशील’ म्हटलं. मी पहिल्याच रांगेत होतो. हसू दाबायला मला खोटं खोटं खोकावं लागलं.

सर मूळचे अकोल्याचे, माळ्याचे. त्यांची आई मैनाबाई फुलबाजारात बसून हार गुंफायची, आणि गुंफता गुंफता एक चाल गुणगुणायची. तिला शब्द नव्हते. तिच्या आईकडून आली होती की तिचीच होती, कोण विचारणार? पोरगा शालिक लग्नघरी हार पोचवायला जायचा आणि हार देऊन झाला की बँडवाल्यांच्या मागे उभा राहायचा. तसाच उभा राहून राहून क्लॅरिनेट शिकला. विसाव्या वर्षी तो खुशालरावांच्या बँडमध्ये लागला.

खुशालराव म्हणजे तेव्हा वऱ्हाडातला सगळ्यात मोठा बँड. अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत मोठ्या घरचं लग्न असलं की त्यांचं पितळी कॉर्नेट हवंच. आमच्याकडे तेव्हा लग्नात नवरा-नवरी दोन्हीकडचे बँड समोरासमोर आले की ‘सवाल’ व्हायचा. एका बँडने नवी चाल टाकायची, दुसऱ्याने ती एकदा ऐकून जशीच्या तशी परत करायची. परत करता आली नाही तर वाजं जमिनीवर ठेवायचं, सगळ्या वऱ्हाडासमोर. खुशालरावांनी जन्मात कधी वाजं खाली ठेवलं नव्हतं. कान असा की ऐकली की उचलली. उचललेली चाल कोणाची, याच्याशी मात्र त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

एकोणचाळीस साली मैनाबाई वारली. शालिक पंधरा दिवसांनी कामावर आला आणि तालमीच्या खोलीमागे बसून आईची ती चाल क्लॅरिनेटवर वाजवू लागला. तिचं गुणगुणणं जिथे तुटायचं, तिथून पुढे त्याने स्वतःच्या चार ओळी जोडल्या. खुशालराव खिडकीत उभे होते. पुढच्या वर्षी मुंबईहून रेकॉर्डवाले आले, आणि तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर छापलेलं होतं: चाल, मास्टर खुशालराव.

शालिक तबकडी घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, “मास्टर, हे माह्या मायची चाल व्हय.”

खुशालराव सगळ्या बँडसमोर म्हणाले, “फुलवालीचं गुणगुणनं कोन ऐकते बे? माह्या कॉर्नेटातून निघाली, तवा ते चाल झाली. जाय, हार विक.”

शालिकने बँड सोडला. चालीने त्याला सोडलं नाही. वरूडला, दर्यापूरला, जिथे जावं तिथे लग्नात तीच. एकदा त्याने स्वतः ती एका देवळात वाजवली, तर एक म्हातारा खूश होऊन म्हणाला, “वा! खुशालरावची चाल मस्त उचलली पोरा!” हे सांगताना सरांचा आवाज पुढे कित्येक वर्षांनीही बदलायचा. म्हणायचे, “माह्याच मायच्या घरात मले चोर म्हटलं.” त्या दिवशी ते लष्कराच्या बँडमध्ये भरती झाले. जर्मन-जपानशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्यांना फक्त ती चाल ऐकू येणार नाही अशा ठिकाणी जायचं होतं.

ते ठिकाण आसामात निघालं. तिथे अमेरिकेचे काळे शिपाई डोंगर फोडून रस्ता करत होते. त्यांच्यात ओटिस नावाचा ट्रक चालवणारा होता. न्यूयॉर्कचा, गळ्यात सॅक्सोफोन. सरांचं इंग्रजी चौथीतलं आणि ओटिसचं सरांना न समजणारं, पण वाजवणाऱ्यांना तेवढं पुरतं. ओटिसकडून त्यांनी जे आणलं, ते, लढाई संपून सर आमच्या शाळेत लागल्यावर, सत्तेचाळीस सालच्या जुलैत आमच्या मॅट्रिकच्या वर्गात फळ्यावर चढलं: बीबॉप, जॅझमधला नवाकोरा प्रकार.

संगीताच्या तासाला आम्ही भूपाची सरगम घोकत आलो होतो. हेडमास्तर दारातून डोकावून म्हणाले, “हे अभ्यासक्रमात कुठे आहे?” सर म्हणाले, “इतिहासात आहे.” आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

त्यांनी सांगितलं ते मला अजून पाठ आहे. न्यूयॉर्कात हार्लेम नावाचा काळ्या लोकांचा मोहल्ला. तिथले वाजवणारे मोठमोठ्या बँडांत पोटासाठी नाचाची गाणी वाजवायचे. संगीत मूळ काळ्यांचं, पण सगळ्यात मोठं नाव आणि सगळ्यात मोठा मान गोऱ्या बँडमास्तरांचा. म्हणून काम आटोपलं की हे लोक छोट्या क्लबात जमायचे आणि स्वतःसाठी वाजवायचे. कोणी नवशिका घुसला की लय दुप्पट करायची, सूर अवघड घ्यायचे, जोर भलत्याच ठिकाणी द्यायचा. पाहुणा घाम पुसत उतरून जायचा. लढाईच्या काळात वाजवणाऱ्यांच्या संघाचा संप होता, दोन वर्षं त्यांनी रेकॉर्डच केल्या नाहीत, त्यामुळे हे संगीत तबकडीवर नव्हतं. ओटिसच्या डोक्यात बसून ते आसामात आलं होतं.

“मंग ते चाली नव्या कशा करत?” पुंजारामने विचारलं. हा आमचा बासवाला, मोठं पितळी वाजं मांडीवर घेऊन बसणारा.

सरांनी खिशातून दोरा काढला. माळ्याच्या खिशात दोरा असतोच. म्हणाले, “जुन्या गाण्याचा हार घ्या. फुलं सगळी काढून टाका. दोरा तसाच ठेवा, गाठी तिथल्या तिथंच. आता त्याच गाठींवर नवी फुलं ओवा. ऐकणाऱ्याले वाटते, हार नवा हाये. दोरा फक्त ज्यानं पहिला हार गुंफला त्याले वळखू येते.”

पुढे मी बरीच पुस्तकं वाचली. बीबॉप काही नुसत्या सूडातून जन्मलं नाही. त्यात मजा होती, कुतूहल होतं, तरुण पोरांची हुशारीची खुमखुमी होती. सरांनी आम्हाला त्यातलं एकच कारण सांगितलं, त्यांना हवं होतं ते. मास्तर म्हणून ही लबाडी झाली. पण असा तास मला नंतर कुठल्या कॉलेजातही मिळाला नाही, हेही खरं.

पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीला खुशालरावांचा बँड अमरावतीत आला आणि मैनाबाईची चाल वाजवत सगळ्या शहरातून गेला. लोक टाळ्या वाजवून राहिले होते, पोरं नाचत होती. सर आमच्याबरोबर फुटपाथवर उभे होते. सगळा देश मोकळा झाला होता आणि या माणसाची दातखिळी बसली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला, ओमप्रकाशला आणि पुंजारामला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. चार महिने रोज थांबवलं. आमची दोन क्लॅरिनेटं, पुंजारामचा बास, आणि ड्रमवर सर स्वतः. माझा ओठ सुजायचा. ओमप्रकाश एकदा रडला. सर म्हणाले, “रड, पन तालात रड.”

डिसेंबरात गॅदरिंग झालं. प्रमुख पाहुणे खुशालराव, कारण शाळेला नवा ड्रम त्यांनीच दिला होता. पाहुणे कॉर्नेट घेऊनच आले, रेशमी पिशवीत. बक्षिसं वाटून झाली आणि सर माइकपुढे गेले. नमस्कार करून म्हणाले, “आपल्याकडचा रिवाज हाये. मास्टर आले आणि सवाल झाला नाई, तं अमरावतीची इज्जत जाईन. आमची पोरं एक चाल टाकतीन.”

खुशालराव हसले. साठीला आले होते, पण मिशीला पीळ तोच. म्हणाले, “टाका.”

आम्ही टाकली. काय वाजवलं ते मला आज वाजवता येणार नाही. सूर उड्या मारत होते, जोर जिथे यायचा तिथे येत नव्हता आणि नको तिथे येत होता, आणि खाली पुंजारामचा बास शांतपणे चालला होता. दीड मिनिटात संपलं. खुशालरावांनी कॉर्नेट ओठाला लावलं, पहिले चार सूर बरोबर काढले, पाचव्याला अडखळले. म्हणाले, “पुन्हा.” आम्ही पुन्हा वाजवली. दुसऱ्यांदा ते तिसऱ्या सुरालाच थांबले. सभागृहात मागून कोणीतरी हसलं. मला फार आनंद झाला.

खुशालराव म्हणाले, “हे काय चाल व्हय? हे तं भांडी पडून राहिली.”

सर म्हणाले, “मास्टर, दोरा वळखला नाई?” मग आमच्याकडे वळून म्हणाले, “क्लॅरिनेट बंद. पुंजाराम, एकटा वाजव.”

पुंजाराम एकटा वाजवू लागला. ढोबळ, संथ, नुसत्या गाठी. एक ओळ झाली, दुसरी झाली. पुढच्या रांगेत एक बाई मान हलवू लागली, आणि मग ती त्या बासावर गुणगुणू लागली. तिच्या शेजारची लागली. बघता बघता चारशे माणसं तोंड मिटून मैनाबाईची चाल म्हणू लागली. ऑगस्टपासून ती सगळ्या शहराच्या तोंडी होती. सगळ्यांना ओळखू आली. ओळखली नव्हती एकट्या खुशालरावांनी.

सरांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. “चाल तुमची ना, मास्टर? तबकडीवर तसंच लिवलं हाये. मंग तुमच्या लेकराले तुमी वळखलं काहून नाई?”

खुशालराव वाकले आणि कॉर्नेट व्यासपीठाच्या फळ्यांवर ठेवलं.

सरांनी गोष्ट इथेच सोडून दिली असती तर परवाचा तो वक्ता थोडाफार बरोबर ठरला असता. पण खुशालराव पडद्यामागे आले. आम्ही वाजी पुसत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भूक होती, आणि ती मला रागापेक्षा वाईट वाटली. म्हणाले, “शालिक, जे झालं ते झालं. हे जे वाजवलं, ते मले शिकव. चाळीस वर्सात असं काई माह्या कानातून निसटलं नाई.”

सर म्हणाले, “पहिले अकोल्याच्या फुलबाजारात या. माय जिथं बसे, तिथं. तिथं सांगा चाल कोनाची ते. मंग बोलू.”

मला वाटलं, येणार नाहीत. पुढच्या रविवारी सर आम्हा तिघांना घेऊन अकोल्याला गेले आणि खुशालराव आमच्या आधी येऊन उभे होते. सकाळचा बाजार भरात होता. मैनाबाईच्या जागेशेजारी पार्बताबाई झेंडू घेऊन बसली होती; दोघींनी तीस वर्षं एकमेकींना खेटून हार गुंफले होते. खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि मोठ्याने, सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाले, “माह्या नावावर जे चाल चालते, ते मैनाबाईची हाये. म्या चोरली.” मग त्यांनी ती वाजवली. खोटं का बोलू, इतकी सुंदर ती मी पुन्हा कधी ऐकली नाही. पार्बताबाईने हातातला हार खाली ठेवून पदर डोळ्यांना लावला.

वाजवून झाल्यावर ते सरांपुढे आले. शिकायला आलेल्या पोरासारखे कॉर्नेट दोन्ही हातांत धरून म्हणाले, “आता?”

सर म्हणाले, “आता घरी जा.”

“तू म्हनला होता, शिकवीन.”

“म्या म्हनलो, मंग बोलू. बोललो. तुमाले मी शिकवत नाई.”

पार्बताबाई म्हणाली, “शालिक, म्हातारा मानूस हाये रे. शिकव त्याले.” सरांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी खुशालरावांनी टोपी घातली आणि गर्दीतून निघून गेले. दीड वर्षाने ते वारले. शेवटपर्यंत त्यांच्या बँडमधल्या पोरांना विचारत असत, त्या अमरावतीच्या मास्तरकडून कोणी काही शिकून आलं का.

स्टेशनवर गाडीची वाट पाहताना ओमप्रकाशने धीर करून विचारलं, “सर, इतकं कराले नाई पायजे होतं का?”

“काहून?”

“त्यानं कबूल केलं ना. सगळ्यांसमोर.”

सरांनी बराच वेळ विचार केला. विद्यार्थ्याने शंका विचारली की ते नेहमीच तेवढा वेळ घेत. मग म्हणाले, “केलं. त्यानं मले बरं वाटलं. आन नाई म्हनलो, त्यानं जास्त बरं वाटलं.”