त्या वर्षीचा ओला कापूस

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळी होऊन आठवडा झाला होता आणि आदिलाबादकडच्या तलमडुगुजवळ आमच्या गावात घरोघरी कापूस येत होता… आमच्याकडे तो समोरच्या खोलीत भरतात. त्या वर्षी त्या खोलीत माझी खाट होती.

आदल्या हंगामात कापसाच्या भरल्या गाडीवरून पडलो आणि मणका गेला. वय चोवीस. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात चालतील, पाय नाही… आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.

घरी आल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडलो. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून माय दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, आणि मला तिचाही राग यायचा. देवाकडे रोज मरण मागायचो, खोटं कशाला सांगू?

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवायचे आणि माझ्यादेखत मायला विचारायचे, "जेवते का पोरगा?" अरे, मणका मोडला होता, कान नाही! सगळे इतकं गोड बोलायचे की किळस यायची… बाबा तर बोलायचेच नाहीत.

आमचा कापूस घरी आला त्या दिवशी बाबांनी आणि धाकट्या भावाने मला एका शब्दानेही न विचारता खाटेच्या तिन्ही बाजूंनी कापूस ओतला. खोलीत खांब होता, तसाच मी.

अपघाताआधी कापूस पारखायचं काम माझं होतं. सरकी दाताखाली धरायची… कट्ट वाजली तर कापूस सुकला, नुसती दबली तर ओला. मी हो म्हटल्याशिवाय घरात कापूस भरत नसत.

ते दोघं गेल्यावर मी सहज हात लांबवला आणि एक सरकी चावली. दबली… भल्या सकाळी दवात वेचलेला कापूस न वाळवताच भरला होता. असा कापूस ढिगात आतून तापतो, पिवळा पडतो, हे मला पक्कं माहीत होतं. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही. विचारलं नाही ना, मग भोगा! आठ दिवस तो ढीग माझ्या शेजारी तापत होता, कुबट वास सुटला होता, आणि मी मनातल्या मनात खूश होतो. इतका वाईट झालो होतो मी.

आदिलाबादच्या मार्केटमधून बाबा तोंड पाडून परतले. व्यापाऱ्याने चार लोकांदेखत आतला पिवळा कापूस उपसून दाखवला होता. ते सरळ माझ्या खाटेजवळ आले.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"मले इचारलं का कोणी?"

बाबा भडकले. "हरामखोरा! पाय गेले तं जीभ बी गेली का तुही? घरचा हायेस का पाव्हना?"

माय मध्ये पडली, "आजारी लेकराले असं बोलता?"

"कायचा आजारी? जाणूनबुजून केलं त्यानं!"

नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला शिवी दिली होती. मी हमसून हमसून रडलो… थोड्या वेळाने बाबाही.

त्यानंतर सगळं छान झालं, असं समजू नका. पुढची दोन वर्षं तर फार वाईट गेली, आणि तो भिंतीकडे तोंड करायचा आजार अजूनही मधूनच उलटतो. बिस्किटाचा पुडा दिसला तरी डोकं फिरतं.

पण पुढच्या वेचणीपासून बाबा आधी मूठभर कापूस माझ्या तळहातावर ठेवायचे. मी सरकी चावून हो म्हणेपर्यंत भरली गाडी दारात उभी असायची… कितीही उशीर होवो.

त्या एका शिवीचे उपकार आहेत माझ्यावर. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि घरात सगळे माझ्याशी पुन्हा गोड बोलतात.