परत न आलेल्या कुऱ्हाडी

"एक तरी परत उनी का?" असं विचारून तो दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचा. नंदुरबारला स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं लोखंडाचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं परत आणलेला माल ठेवायला म्हणून त्यानं एक कोपरा मुद्दाम मोकळा सोडला होता. तिथं त्याचं मांजर झोपायचं. मांजराला कधी उठावं लागलं नाही, हीच त्याच्या मालाची खूण. हे तो मिरची विकायला आलेल्या शेतकऱ्यालाही ऐकवायचा आणि नुसता पाणी प्यायला टेकलेल्या वाटसरूलाही.

मला हा माणूस आवडत नव्हता. मेलेल्याबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तसं म्हणणाऱ्यांनी त्याच्या दुकानाची पायरी चढलेली नसते. तुम्हीही असा एखादा दुकानदार पाहिला असेलच, जो माल विकताना आपल्यावर उपकार करतो. खिळे मागितले तर "कसासाठी?" विचारणार, कारण सांगितलं तर "तुले ते जमाव नही" म्हणणार, आणि वर खिळेही तो म्हणेल तेच घ्यायचे.

मी तेव्हा तळोद्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, एका जंगल ठेकेदाराच्या वखारीवर मुनीम होतो. सागाच्या गाड्या घेऊन नंदुरबारला रेल्वेवर यायचो, आणि कानस, साखळ्या, कुलपं घ्यायला याच्याकडे जावं लागायचं. दुसरं बरं दुकान तेव्हा नव्हतं. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही. "ये मुनीम, लाकडं चोरी लयनास का?" हे त्याचं स्वागत. मीही त्याला शेठ म्हणायचो ते दात-ओठ खाऊनच.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. त्याच्याकडची बगळा छाप कुऱ्हाड खरोखर चांगली होती. विलायती माल. काळं, ओबडधोबड पातं आणि त्यावर एका पायावर उभ्या बगळ्याचा ठसा. सातपुड्यातले पावरे आणि भिल्ल लाकूडतोडे दुसऱ्या कुऱ्हाडीला हात लावत नसत. त्यांना ही सवय लावली ती यानंच. होळीच्या आधी मोलगीला भोंगऱ्याचा बाजार भरला की हा गाढवांवर माल लादून वर जायचा आणि एकेकाचा अंगठा धरून त्या ठशावर टेकवायचा. "लिखेल वाचता नही येस ना? मंग बगळा चाचपी ले. बगळा शे तं डोया मिटीसन ली जा." डोंगरातल्या माणसांनी हे मनावर घेतलं. एकदा विश्वास टाकला की ती माणसं परत परत तपासत बसत नाहीत.

युद्धाच्या आधीची दोन-चार वर्षं असतील. एकदा मी दुकानात असताना मुंबईहून फिरता एजंट आला. चहा पिता पिता त्यानं सांगितलं की बगळा छाप काढणारी विलायतेतली जुनी पेढी विकली गेली. नव्या मालकानं जुना कारखाना बंद केला, जुने कारागीर घरी पाठवले, आणि ठसा तेवढा ठेवला. आता कुऱ्हाडी दुसरीकडेच पाडून घेतात. हे सांगताना त्याला हसू येत होतं. बाजूला नव्या मालाची पेटी उघडलेली होती. कुऱ्हाडी लालभडक रंगवलेल्या, लग्नातल्या करवलीसारख्या सजलेल्या.

मी म्हटलं, "शेठ, आधी एखादी वापरून बघा. मग वर न्या."

"मुनीम, तू तुन्ही वखार संभाळ. कारखाना इकाय जावो नहीतं बुडो. बगळा तोच शे ना?"

त्या भोंगऱ्याला लाल कुऱ्हाडी हातोहात गेल्या.

पावसाळा सरल्यावर आमच्या कूपात, म्हणजे ठेक्यानं घेतलेल्या जंगलाच्या तुकड्यात, तोड सुरू झाली. रुपल्या नावाचा एक पावरा तोड्या होता, आमच्या वखारीवरचा सगळ्यात सफाईदार हात. सागाच्या बुंध्यावर घाव घालताना त्याच्या नव्या कुऱ्हाडीच्या पात्याचा टवका उडाला आणि डोळ्यात घुसला. गाडीत घालून त्याला मीच नंदुरबारच्या दवाखान्यात आणलं. डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला घावाचा अंदाज येत नाही. त्याचं तोडणं त्या दिवशी संपलं. घरात बायको, म्हातारी आई, लहान पोरं.

दवाखान्यातून मी तडक दुकानात गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे वजनं पुसत होता.

"फांदी लागनी व्हई," तो म्हणाला. "कुऱ्हाड फुटनी म्हनस ना? कठे शे ती? आन ना."

ती मला आणता येत नव्हती. कारण रुपल्याच्या पाड्यात नवी कुऱ्हाड घरी आली की पहिला घाव घालण्याआधी तिला घरातल्या खांबाशी ठेवतात, शेंदूर लावतात, मोहाच्या दारूची धार सोडतात. मग ती घरातलीच एक होते. मोडली, फुटली, तरी खांबाशीच राहते. ती दुकानात परत नेऊन टाकणं म्हणजे आजारी माणसाला घराबाहेर काढण्यासारखं. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो मोठ्यानं हसला. "वा रे मुनीम! म्हंजे देवबी आते मन्हा इरोधमा साक्षी देस का?" आणि बोट कोपऱ्याकडे. "एक तरी परत उनी का?"

मी म्हटलं, "हिंमत असेल तर वर चला."

तो आला. मला खोटं पाडायला आला, दुसरं काही नाही. चढणीवर धापा टाकत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत आला. पाड्यात पोचलो तेव्हा रुपल्या अंगणात बसून दोर वळत होता. त्यानं पाहुण्यांना खाट टाकली. ज्याच्या मालानं आपला डोळा गेला त्याला पाणी दिलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण घर त्याचं होतं.

शेठ थेट खांबाशी गेला. शेंदराखाली लाल रंग दिसत होता. पात्याची एक बाजू उंदरानं कुरतडल्यासारखी. त्यानं तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. आयुष्य लोखंडात गेलेल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. तो शेजारच्या घरात गेला. मग त्याच्या पुढच्या. खांबाखांबाशी बगळा बसला होता. कुठं पातं चिरलेलं, कुठं दांड्याचं भोक फाटलेलं. रागावलेलं कुणीच नव्हतं. आपल्या हातूनच काही चुकलं असेल, धार सोडताना काही राहिलं असेल, असं त्यांना वाटत होतं.

शेवटच्या घरातून बाहेर आल्यावर तो रुपल्यापुढे उभा राहिला. "ती फुटेल कुऱ्हाड माले दे. जुनी, काळी, मन्हा घरनी शे ती तुले देस. फुकट."

रुपल्या बाजारात शिकलेल्या मोडक्या अहिराणीत म्हणाला, "देवनी शे, शेठ. कशी देऊ?"

"अरे, मन्ही शे ती! मन्हं पाप शे!" तो ओरडला. मी त्याला असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. रुपल्यानं नाही म्हणून मान हलवली.

उतरताना त्यानं मला पुन्हा शिव्या दिल्या, पण त्यांत जोर नव्हता. नंदुरबारला गेल्यावर त्यानं दुकानातल्या सगळ्या लाल कुऱ्हाडी भंगारात दिल्या आणि बगळ्याचा माल बंद केला. एजंटानं एजन्सी समोरच्या दुकानदाराला दिली. त्यानं ती आनंदानं घेतली.

पुढच्या भोंगऱ्याला दोघांचीही दुकानं मोलगीला लागली. शेठच्या पथारीवर दुसऱ्या कुठल्याशा छापाच्या चांगल्या कुऱ्हाडी होत्या. लोक यायचे, अंगठ्यानं पातं चाचपायचे, बगळा लागला नाही की हसून पलीकडे जायचे. "नका लेवू रे ती! तो बगळा मरी गया!" तो घसा फोडून सांगत होता. ढोल वाजत होते. कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं; घेत मात्र सगळे पलीकडेच होते.

शेवटी त्याचा तोल गेला. एका तरुण पोरानं नुकतीच घेतलेली लाल कुऱ्हाड त्यानं हिसकावली आणि बाजारातल्या लोहाराच्या ऐरणीकडे धावला. "दखा आते! दखा!" म्हणत त्यानं ती सगळ्या बळानं ऐरणीच्या कडेवर हाणली. ठण्णकन आवाज झाला. पातं जसंच्या तसं. त्यानं पुन्हा हाणली, पुन्हा हाणली. नव्या मालकाच्या मालाचं हेच तर होतं, दहांत एखादी चांगली निघायची, आणि नेमकी तीच त्याच्या हाताला लागली होती. भोवती गर्दी जमली. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पोरानं आपली कुऱ्हाड उचलली, धार बघितली आणि खूश होऊन निघून गेला.

तो ऐरणीशीच खाली बसला. धोतराला धूळ लागलेली, तळहात सोलपटलेले. "आते कोन ऐकी, मुनीम?" तो म्हणाला. इतकी वर्षं मी या माणसाला तोंडावर उत्तर देत आलो होतो. त्या वेळी मी त्याच्या धोतरावरची धूळ झटकली आणि त्याच्याजवळ बसलो. त्याच्याबद्दल मला माया वाटली ती तेवढीच, पण ती खरी होती.

पावसाळ्यात तो गेला. दुकानाला कुलूप लागलं.

त्यानंतरच्या होळीआधी मी मोलगीच्या भोंगऱ्याला गेलो तेव्हा त्याची पथारी पडायची तिथं एक बांगड्यावाली बसली होती. पलीकडे लाल कुऱ्हाडींचा ढीग होता, आणि समोरच्या दुकानदाराचा गडी एक कुऱ्हाड उंच धरून ढोलांवर आवाज चढवत ओरडत होता, "ली जा! म्हातारा शेठनी ऐरनवर ठोकेल कुऱ्हाड! फुटनी नही!"