तीनशे दहा किलोंची चूक

माझ्या आत्याचा पाय एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला सगळे ‘भिंगरी’ म्हणत. जेवताना मध्येच उठून ती खिडकीशी जाऊन यायची. नोकरी मात्र खुर्चीला खिळवणारी. रॉकेट कुठल्या सेकंदाला किती कलेल, कुठला टप्पा कधी सुटेल, रिकामा टप्पा समुद्रात कुठे पडेल, हे सगळं ती उड्डाणाआधी गणिताने काढायची. तिच्या सहीशिवाय मार्ग पक्का होत नसे.

मी शिकायला तिच्याकडे राहत होते तेव्हाची गोष्ट. उड्डाणाला नऊ दिवस उरले होते. आकडे तीनदा तपासूनही तिला चैन पडेना.

“काहीतरी टोचतंय,” ती आतोबांना म्हणाली.

“तुला टोचत नाही असा एक दिवस सांग,” ते हसत म्हणाले.

त्याच दुपारी, काही काम नसताना, ती जुळणीच्या शेडमध्ये गेली. दोन टप्प्यांना जोडणाऱ्या कड्याचे बोल्ट फिटर तपासत होता.

“हे पहिल्या टप्प्याबरोबरच पडतं ना?” तिने सहज विचारलं.

“छे हो ताई, ते पूर्वी! आता दुसरा टप्पा पेटल्यावर पंचवीस सेकंद त्याच्यासोबत वर जातं, मग सुटतं. वर्ष झालं की बदल करून.”

आत्या तिथूनच मागे फिरली. कड्याचं वजन तीनशे दहा किलो, आणि तिच्या गणितात ते आधीच गळून पडलं होतं. जागेवर येऊन तिने खण उपसला. बदलाची सूचना सापडली. खाली ‘पाहिलं’ असं लिहून तिचीच सही.

तिने घाईने हिशेब मांडला. उपग्रह दहा-अकरा किलोमीटर खाली राहिला असता.

ती तडक साहेबांच्या बैठकीत शिरली आणि सगळ्यांसमोर बोलली.

साहेबांचा चेहरा उतरला. “सूचना तुमच्यापर्यंत पोचली नव्हती का?”

“पोचली होती. मी नीट वाचली नाही.”

उड्डाण चार दिवस पुढे गेलं. ते सगळे दिवस आत्या घरी फक्त अंघोळीला आणि झोपायला येई. दुसऱ्या टप्प्याचा कल तिने सेकंदासेकंदाने पुन्हा बसवला, आणि या वेळी प्रत्येक वजन शेडमध्ये जाऊन विचारून घेतलं.

उड्डाणाच्या सकाळी नियंत्रण कक्षात ती उभीच होती. पडद्यावर ठरलेल्या रेषेला धरून खरी रेषा पुढे सरकत गेली. कडं सुटल्याचं कुणीतरी ओरडून सांगितलं, तेव्हा तिने भिंतीला हात टेकला. उपग्रह जागेवर पोचला.

पुढच्या मोहिमेत सहीचा अधिकार तिच्याऐवजी तिच्या सहकाऱ्याला मिळाला. मी चिडले.

“बरोबरच आहे त्यांचं,” ती चपला शोधत म्हणाली. “पण त्याला मी सांगून ठेवलंय, सही करण्याआधी कागद मला दाखव.”

आणि ती निघालीसुद्धा.