गाद्याचा अहवाल आणि माझी अकरा मांजरं

निजामुद्दीन स्टेशनावर उतरले तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते, तरी समोरचा पूल धुरकट हवेत अर्धाच दिसत होता. न्यायला धाकटा भाऊ हेमंत आला होता. तो फौजेत हवालदार आहे, बायको-मुलीसह दिल्ली कँटोन्मेंटमध्ये राहतो.

"ताई, एका कागदासाठी एवढ्या लांब आलीस?" तो म्हणाला.

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावच्या किनाऱ्याला पावसाळा सरता सरता एक गादा (डॉल्फिन) मरून लागला. त्याच्या मेंदूचे तुकडे तपासणीसाठी नोएडातल्या एका प्रयोगशाळेत गेले. मग कुठून तरी बातमी आली, की गाद्याला मांजरांचा रोग झाला होता. मी सुकी मासळी विकते. माझ्या खळ्यात (अंगणात) अकरा मांजरं असतात. गावाने ठरवलं, अहवाल आला की ती पकडून डोंगरापलीकडे सोडायची. अहवाल काही येईना. कुणीतरी तो हवा तसा लिहून घेतंय, असं माझ्या मनाने घेतलं. शेवटी सरपंचांचं पत्र घेऊन मीच निघाले.

वहिनीने गरम पोहे दिले. सगळी हकिगत ऐकून भाची अन्वीने विचारलं, "आत्या, खाडी मतलब?"

"नदी समुद्राला मिळते ना, तिथलं पाणी."

"अच्छा. मग गावातलं सगळं त्यातच जातं?"

मी पोह्यांची रिकामी बशी उचलून आत ठेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी एकटीच मेट्रोने निघाले. सेक्टर सोळाऐवजी पंधरालाच उतरले. ई-रिक्षावाला मुद्दाम फिरवतोय असं वाटून मी प्रत्येक वळणावर पाट्या वाचत होते. त्याने बरोबर दारात सोडलं. कोपऱ्यावर छोले-कुलचे (चण्याची उसळ आणि मैद्याची मऊ रोटी) खाल्ले, पण चवीकडे लक्ष नव्हतं. फाटकावरच्या गार्डने माझा फोटो काढला.

"फोटो कशाला?"

"सबका लेते हैं, आंटी," तो म्हणाला. मला ते पटलं नाही.

अहवाल लिहिणाऱ्या मेश्राम मॅडम चाळिशीच्या, मूळच्या भंडाऱ्याच्या. त्या मराठीत बोलायला लागल्या तेव्हा मी आणखीच सावध झाले. गोड बोलून काही काढून घेतील असं वाटलं.

"गाद्याच्या मेंदूत टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी सापडला," त्या म्हणाल्या. "त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. पावसाच्या पाण्याबरोबर ती समुद्रापर्यंत जातात."

"म्हणजे मांजरांनी मारलं?"

"तसं मी लिहिलेलं नाही. परजीवी होता, एवढंच नक्की. मरण त्यानेच आलं का, ते सांगता येत नाही."

"मग मांजरांचा दोष नाही, असं लिहून द्या."

"तेही नाही लिहिता येणार, ताई."

त्यांनी वही उघडली. "मांजरं घाण कुठे करतात?"

"इकडेतिकडे. रानात," मी म्हणाले.

त्या लिहू लागल्या. पेन थांबलं, तरी त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. खळ्याच्या कडेला मी मांजरांसाठी वाळूचा ढीग ठेवते. दर दोन-चार दिवसांनी तो फावड्याने ओढून खाडीत ढकलते. पंधरा वर्षं हेच चाललंय.

"तसं नाही," मी म्हणाले. "खोटं सांगितलं मी." आणि सगळं सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. आधीचं वाक्य खोडून त्यांनी नवं लिहिलं. "वाळू खाडीपासून लांब, खोल खड्ड्यात पुरा. मांजरांना कच्ची मासळी आणि मटण देऊ नका. त्यांची नसबंदी करून घ्या. गरोदर बायकांना त्या वाळूला हात लावू देऊ नका. आणि मांजरं डोंगरापलीकडे सोडून काही उपयोग नाही. तिथलंही पाणी खाली समुद्रातच येतं."

अहवालाची प्रत त्यांनी सही करून हातात दिली. बाहेरच्या बाकावर बसून मी ती दोनदा वाचली. मॅडम बोलल्या तेवढंच त्यात होतं, कुणी काही बदललं नव्हतं.

परतीच्या गाडीत वाटत होतं, वाळूचं गावाला सांगायची गरज काय? अहवालात माझं नाव नव्हतं.

ग्रामसभेत अहवाल वाचून झाला आणि मी उभी राहून वाळूचं सगळं सांगितलं. बोलताना कुणाकडे बघवलं नाही. डोंगरापलीकडचं पाणीही समुद्रातच येतं, हे गावाला पटलं आणि मांजरं राहिली. खड्डा मी स्वतः खणला. शेजारच्या दोघी अजून माझ्याकडून सुके बांगडे घेत नाहीत, आणि त्यांना मी काही म्हणू शकत नाही. दिल्लीच्या त्या खेपेत भेटलेल्या प्रत्येकावर मी संशय घेतला होता. ज्या हातात फावडं होतं, त्याच्याकडे मात्र बघायचं राहून गेलं होतं.