बाळंतपणाला बसवाल्या काकू

धाकट्या बहिणीचं बाळंतपण मी फोनवरून करणार होते. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण २०२० साली यापेक्षा शहाणपणाचं काही सुचत नव्हतं. ती कॅनडात, सस्कॅचेवानच्या सपाट मुलखातल्या एका लहानशा गावात. मी आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाजवळच्या औषधांच्या कारखान्यात. आई नागपूरला. तारीख जानेवारीच्या अखेरची होती. पहिलं बाळंतपण, म्हणून आई जाणार हे ठरलेलं; आई नाही तर मी. पण नोव्हेंबर उजाडला तरी आईच्या व्हिसाचा पत्ता नव्हता, माझा अर्ज कुठल्या ढिगाखाली पडला होता देव जाणे, आणि इथे तर टाळेबंदीत घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची मुभा नव्हती. बहिणीचा नवरा उत्तरेकडच्या एका खाणीत इंजिनिअर. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. जायला-यायला कंपनीचं विमान, दुसरा रस्ताच नाही.

"ती एकटी पडणार नाही. मी आहे ना," असं मी आईला ठणकावून सांगितलं.

"तू कुठी हायेस वं तिथं?" आई म्हणाली.

तिचं बरोबरच होतं, पण ऐकून घेणं माझ्या स्वभावात नाही. मी कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे औषधांच्या तपासणीत, काम करते. संशय घेण्याचा मला पगार मिळतो आणि घरी आल्यावर ते काम मी फुकट करते. रोज संध्याकाळी पाचला, म्हणजे तिच्या सकाळच्या अकराला, मी तिला फोन लावायचे. तिचा फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवलेला, माझा इकडे प्रेसमध्ये मसाल्यांच्या बाटल्यांना. भिंतीतल्या कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि आता मीही तसंच म्हणते. गोळ्या घेतल्या का, पाय सुजलेत का, लाडू वळलेस का, अशी माझी उलटतपासणी चालायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मी त्या हिवाळ्यात मनापासून केलं.

तिच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. एक दिवस बघते तर तिच्या गाडीच्या नाकातून एक वायर निघून भिंतीतल्या प्लगात गेलेली.

"इलेक्ट्रिक गाडी घेतलीस? मला न सांगता?"

"ताई, पेट्रोलचीच आहे गं. उणे तीस झालंय. इंजिन गरम ठेवलं नाही तर सकाळी सुरूच होत नाही."

गाडीला शेगडी लावून झोपवायचं, हे मला नवीन होतं. पण त्याहून नवीन पुढे होतं. ती वायर लावत कोण होतं? बहिणीला तर सातव्या महिन्यात वाकवत नव्हतं. रोज तिन्हीसांजेला समोरच्या घरातून एक बाई रस्ता ओलांडून यायच्या, वायर लावायच्या आणि परत जायच्या. बेल नाही, हाक नाही. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. बहीण त्यांना बसवाल्या काकू म्हणायची, अर्थात माझ्याशी बोलताना.

"त्यांना काय हवंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही असं कोणाला नसतं."

मग बर्फाचं प्रकरण निघालं. रात्रभर बर्फ पडलं की ही उठायच्या आत तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट साफ झालेली असायची, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. मी फर्मान सोडलं, कोण करतंय ते शोधून काढ, उपकार कोणाचे आहेत ते तरी कळू दे. तिने डावीकडच्या शेजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला उजवीकडचा असेल. उजवीकडचा म्हणाला, मी नाही, डावीकडचाच. दोघंही खांदे उडवून आपापल्या घरात गेले. अख्खा हिवाळा आम्हाला त्याचा पत्ता लागला नाही. ज्याने केलं त्याने नाव लपवावं, हे मी तोवर फक्त चोरीच्या बाबतीत ऐकलं होतं.

आयरिश माणसं प्रेमळच. दुकानात टोमॅटो घेताना दहा मिनिटं हवेबद्दल, आईबद्दल, गुडघ्याबद्दल बोलतील, आणि दोन मीटरचं अंतर राखून तुम्हाला जगातली सगळ्यात लाडकी बाई केल्यासारखं वाटेल. मला त्याची सवय झाली होती. ही सस्कॅचेवानची मंडळी बोलायचीच नाहीत. करायची आणि जायची. त्यामुळे मी जास्तच बावचळले.

डिसेंबरात भांडी सुरू झाली. दारात कोणा ना कोणा शेजाऱ्याचं काचेचं चौकोनी भांडं, वर ॲल्युमिनियमचा कागद. कधी चीज घालून भाजलेले बटाटे, कधी घेवड्याचं काहीतरी, कधी बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, ज्यांना तिकडे पेरोगी म्हणतात. वर चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं, 'मांस नाही'. तिने एकदाच सांगितलं होतं, तेही एकालाच. भांड्याच्या बुडाला दुसरी चिकटपट्टी, मालकाच्या नावाची.

इथे मी घात केला. "रिकामं भांडं परत द्यायचं नाही," मी बजावलं. "आईने काय शिकवलंय? चार शंकरपाळे का होईना, घालूनच द्यायचं." पण हिला ओट्याशी दहा मिनिटं उभं राहवेना. शंकरपाळे कुठून येणार? एकही भांडं परत गेलं नाही. नवी येत राहिली. नाताळ येईतो तिच्या गॅरेजमध्ये अकरा भांडी साठली, घासून पुसून, एकावर एक. ती रोज ती बघायची आणि ओशाळी व्हायची, आणि मला सांगायला घाबरायची. शेवटी काकूंनीच विचारलं. त्यांच्याकडे भाजायला भांडं उरलं नव्हतं.

सरकारी नियमाप्रमाणे एकट्या माणसाला एका घराची सोबत चालत होती, म्हणून त्या आत येऊ लागल्या होत्या. दोन मिनिटांसाठी आल्या तरी आधी दारात बूट काढायच्या, मग पिशवीतून घरात घालायच्या सपाता काढून पायांत घालायच्या. मला आयर्लंडमध्ये आल्या दिवसापासून लोकांच्या गालिच्यावरच्या बुटांनी छळलं होतं. ते बघून काकू माझ्या मनातून एकदम दोन पायऱ्या वर चढल्या. फोनवर मीच होते, तेव्हा कबुलीही मीच दिली. आमच्यात रिकामं भांडं देणं अपमानाचं असतं, म्हणून मीच तिला अडवलं, असं सांगितलं.

त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "आमच्यात रिकामं भांडं आलं की कळतं, तिने खाल्लं. महिनाभर एकही आलं नाही. आम्हाला वाटलं, पोरगी काही खातच नाही. म्हणून आम्ही जास्त पाठवायला लागलो."

मी त्यांची माफी मागितली. माझ्या आयुष्यात हे फारसं घडलेलं नाही. माझ्या शिष्टाचारापायी अख्खी गल्ली महिनाभर माझ्या बहिणीच्या पोटाची काळजी करत होती, आणि कोणी वाकडा शब्द काढला नव्हता. त्या दुपारी काकूंनी अकराही भांडी बर्फावरून ओढायच्या स्लेजवर लादली आणि दारोदार पोचवून आल्या.

नवऱ्याची रजा बावीस जानेवारीपासून होती. बाळाला हे कोणी कळवलं नसावं. त्याला नऊ दिवस आधीच घाई झाली.

त्या दिवशी मी बारा वाजता क्लीनरूममध्ये गेले. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख चढवायचा, फोन बाहेर लॉकरमध्ये. बॅच चालू झाली की मधे सोडून येता येत नाही. सव्वाचारला बाहेर आले, लॉकर उघडला. तिचे चौदा मिस्ड कॉल होते. पहिला साडेबाराचा, म्हणजे तिच्या पहाटे साडेसहाचा. मी आहे ना म्हणणारी मी, पावणेचार तास कुठेच नव्हते. मी बाकावर बसले. सुपरवायझरने माझं तोंड बघितलं, "गो ऑन, यू आर ग्रँड, जा तू, बाकी मी बघते," म्हणाली आणि माझ्या हातातले कागद काढून घेतले.

गाडीत बसून मी मेसेज वाचले, तेव्हा सगळं कळलं. तिकडे आदल्या दिवसापासून वादळ होतं. खाणीतली विमानं बंद, नवरा अडकलेला. पहाटे हिच्या कळा सुरू झाल्या. इस्पितळ शेजारच्या गावात, अँब्युलन्स तिथूनच येणार आणि दोन तास लागतील म्हणाले. गल्लीत कमरेइतकं बर्फ. मला सहा वेळा लावून झाल्यावर तिने काकूंना लावला. काकूंनी एकच फोन फिरवला. पंधरा मिनिटांत गल्ली बाहेर होती.

गाडीच्या मागच्या सीटवरून तिने वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. कळा येत असताना व्हिडिओ कशाला काढलास, म्हणून मी नंतर तिच्यावर ओरडले, पण तो मी किती वेळा पाहिलाय याला मोजदाद नाही. पुढे एक ट्रॅक्टर बर्फ बाजूला लोटत चाललाय. मागे गाडी, ती काकू चालवताहेत, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. नुकतं उजाडतंय. दोन्ही बाजूंना माणसं, डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली, हातात फावडी. काही म्हाताऱ्या बायकासुद्धा. उणे चौतीस. गाडी समोरून जाते तसा एकेक जण जाडा हातमोजा घातलेला एक हात वर करतो. टाळ्या नाहीत, ओरडणं नाही. हात खाली आणतो आणि पुन्हा खणायला लागतो. डावीकडचा आणि उजवीकडचा आपापल्या दारासमोर होते म्हणून मला ओळखू आले, दोघंही खणत होते.

मी कारखान्याच्या पार्किंगमध्ये बसून ढसाढसा रडले. माणसं अशी असू शकतात, हे मला माहीत नव्हतं. शेजारधर्म हा शब्द मी निबंधात लिहिला होता, दहा पैकी आठ गुण मिळाले होते. तो प्रत्यक्षात इतका मोठा असतो, आणि इतका मुका, हे मला चाळिशीत कळत होतं.

इस्पितळात बाळंतिणीबरोबर एकाच माणसाला सोडत होते. नर्सने काकूंना विचारलं, नातं काय? आपल्याकडचं कोणी असतं तर म्हणालं असतं, आईसारखीच समजा, मावशीच आहे. काकू म्हणाल्या, "शेजारी." बस, इतकंच. नर्सनेही मान डोलावून तेच लिहून घेतलं, जणू रक्ताच्या नात्यांच्या यादीत ते आधीपासून होतंच.

पाचच्या सुमारास व्हिडिओ कॉल लागला. नागपूरला साडेदहा झाले होते, आई देवासमोर बसून होती. तिलाही जोडून घेतलं. भाची जन्मायला अजून तासभर होता, पण ते तेव्हा कोणाला ठाऊक? बहिणीचा चेहरा पांढराफटक पडला होता, केस कपाळाला चिकटलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, कोणाकडेच बघत नव्हती. "आईला बोलवा," एवढंच म्हणत होती, लहान मुलीसारखं, पुन्हा पुन्हा. मी "श्वास घे, लांब श्वास घे" सुरू केलं. ती म्हणाली, "ताई, तू गप्प बस."

 काकूंनी फोन स्वतःकडे वळवला. मास्कच्या वर फक्त निळे डोळे.

"तुझी आई आत्ता इथे असती तर काय करत असती?" त्यांनी मला विचारलं. "तिला विचार. मी करते."

मी आईला मराठीत सांगितलं. मला वाटलं, ती भांबावेल, रडेल. तिने क्षणही घेतला नाही.

"तिले म्हण, पोरीच्या तोंडावरून हात फिरवा, असे, दोन्ही. अन् मंग आपल्या कानशिलावर बोटं मोडा. पोरीची इडापिडा घेतो न आपण, तसं. हे पाहा म्हण माह्याकडं." आणि तिने रिकाम्या हवेत करून दाखवलं.

मी इंग्रजीत समजावलं. काय समजावलं कोण जाणे, इडापिडेला शब्द सापडेना. काकूंनी मान हलवली, फोन उशीशी टेकवून ठेवला. सांध्यांना गाठी आलेले त्यांचे जाडे हात बहिणीच्या कपाळावरून हळूहळू खाली आले, गालांवरून हनुवटीपर्यंत. मग त्यांनी मुठी आपल्या कानशिलांवर दाबल्या. काहीच आवाज झाला नाही. त्यांनी आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, नाही, अजून एकदा.

त्यांनी पुन्हा केलं. बहिणीने डोळे मिटले होते. कपाळ, गाल, हनुवटी. मुठी कानशिलावर. कट् असा एकच आवाज आला, बारीकसा. मला पार्किंगमध्ये ऐकू आला, आणि नागपूरलाही गेला असणार, कारण आईने हात जोडले.

"झालं," आई म्हणाली.