गेम खेळणाऱ्या भाभी

"थांब गो बाय, एवढा जीव वाचवते आणि येते."

भाभींच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं वाक्य. मिरकरवाडा बंदराच्या वरच्या अंगाला, चढावरच्या इमारतीत आम्ही नव्याने राहायला आलो होतो. पाण्याच्या टाकीची किल्ली समोरच्या घरी असते असं कळलं, म्हणून मी त्यांचं दार वाजवलं. आतून हे वाक्य आलं. घरात कोणाला काही झालंय असं वाटून मी चप्पल न काढताच आत धावले. पाहते तर पन्नाशी उलटलेल्या एक बाई, डोक्यावर ओढणी नीट घेतलेली, नाकावर जाड चष्मा, टीव्हीसमोर मांडी घालून बसलेल्या. हातात गेमचा रिमोट. पडद्यावर एक शिपाई भिंतीआड अडकला होता आणि भाभी त्याला तिथून सोडवत होत्या. सोडवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वाचला बिचारा. किल्ली ना? चहा घेशील?"

गेम खेळणारा माणूस म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे कोण येतं ते वेगळं सांगायला नको. डोळे खोल गेलेला, जेवणाची शुद्ध नसलेला, आईला उलट बोलणारा कोणीतरी तरणा पोरगा. मी शाळेत शिकवते, त्यामुळे दर पालकसभेत हे वर्णन मला नव्याने ऐकायला मिळतं. त्या वर्णनात नातवंडं असलेली बाई कुठे बसतच नव्हती. तरी लोकांनी तिला बसवलं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नवरा बोटीवर, मुलगा मस्कतला. रिकामपण, दुसरं काय."

रिकामपण मला तरी दिसलं नाही. सकाळी भाभी स्वतः बंदरावर जाऊन मासळी आणायच्या. कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडा पिशवीत टाकायच्या नाहीत. भाकऱ्या, शिवणकाम, शेजारच्या बाळंतिणीला पेज, सगळं आवरून दुपारच्या नमाजनंतर त्या डबा लावायच्या. गेमच्या यंत्राला त्या डबाच म्हणत. पुढची अजान कानावर आली की पडद्यावर किल्ला पेटलेला असो, रिमोट खाली. "तो जळू दे," म्हणायच्या, "नमाजची वेळ कोणासाठी थांबत नाही."

डबा आणला होता भाईंनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने. भाई मोठ्या जहाजावर इंजिनाकडे होते. मुलगा शाळेत असताना त्यांनी तो दुबईहून आणला. मुलाचं मन दोन-तीन पावसाळ्यांत क्रिकेटकडे गेलं, डबा धूळ खात पडला. एकदा पुसता पुसता भाभींनी तो चालू केला, तो केलाच. भाई रजेवर आले की दोघं शेजारी बसून मोटारींची शर्यत खेळायचे. पुढे नवे डबे आले, पण शर्यत तीच राहिली. "आमचं लग्न झालं तेव्हापासून बोलायला काही सुचायचं नाही," भाभी मला एकदा म्हणाल्या. "वर्षातून एकदा येणाऱ्या माणसाशी काय बोलणार? खेळायला लागलो आणि भांडायला लागलो. मग बरं झालं."

भाई बोटीवर असले की त्या इंटरनेटवरून अनोळखी माणसांबरोबर खेळत. कानाला हेडफोन लावून. समोरून बाईचा आवाज आला की ती पोरं चेकाळायची. एकाने माझ्यासमोरच सुनावलं होतं. भाभींनी मला ऐकू यावं म्हणून आवाज टीव्हीवर घेतला होता. "ओ काकू, स्वयंपाकघरात जा."

भाभी शांतपणे म्हणाल्या, "तिकडूनच आले. तू जेवलास का?"

पलीकडून हळूच उत्तर आलं, "नाही अजून."

"मग उठ. आईने वाढून ठेवलं असेल. तुझा गडी मी सांभाळते." तो खरंच उठला. पुढे तो त्यांच्याच बाजूने खेळू लागला आणि बोलायलाही नीट लागला.

हे सगळं गमतीचं होतं. भाई निवृत्त होऊन घरी आले आणि वर्षभरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, तेव्हा गंमत संपली. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत राहिला, वाचा बसली. जहाजाचं इंजिन ज्यांच्या हाकेवर चालायचं, ते भाई इस्पितळातून घरी आल्यावर छताकडे बघत पडून राहायचे. व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. रबरी चेंडू दाबा, वाटाणे उचला. भाई चेंडू डाव्या हाताने भिरकावून द्यायचे. "लाज वाटते गो त्याला," भाभी म्हणायच्या. "पोरासारखं करून घेतात ना."

थोड्या दिवसांनी त्यांच्या घरातून गेमचा आवाज पुन्हा येऊ लागला. काकूंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मलाही, खरं सांगायचं तर, जरा विचित्रच वाटलं.

बातमी भाईंच्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती जयगडच्या बाजूला राहायची. एका शुक्रवारी दुपारी ती आपल्या नवऱ्याला घेऊन आली, भावाला आपल्या घरी न्यायचंच असं ठरवून. दाराशी गाडी उभी होती. शेजारची म्हणून भाभींनी मला बोलावलं. मी आत गेले तेव्हा नणंद बोलतच होती.

"भाई अंथरुणावर आणि तुला खेळ सुचतो, भाभी? मी त्याला नेते. माझ्याकडे निदान माणसं आहेत, टीव्ही नाही."

भाभी भांडतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "ने. पण आधी बस जरा."

त्यांनी भाईंना उशा लावून बसवलं. डबा लावला. रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. डावा अंगठा वळवायच्या दांडीवर भाईंनी आपणहून ठेवला. उजव्या हाताचं बोट भाभींनी उचलून वेगाच्या बटणावर ठेवलं आणि त्यावर आपलं बोट. शर्यत सुरू झाली. मोटार आधी कुंपणाला घासली, मग रस्त्यावर आली. भाईंची मान ताठ झाली. वळणं एकामागून एक जात होती. मग भाभींनी आपलं बोट अलगद काढून घेतलं आणि हात मागे नेला. मोटार थांबली नाही. थोडी धीमी झाली, पण चालत राहिली.

नणंदेला ते कळलं नव्हतं. मला कळलं, कारण मी त्या बोटाकडेच बघत होते. ते थरथरत होतं आणि दाबत होतं.

पुढे एक मोठं वळण आलं. भाभींनी मुद्दाम हात पुढे करून बटण जोरात दाबलं. मोटार सरळ दरीत गेली. भाईंचा चेहरा लाल झाला, ओठ वाकडे झाले, आणि घशातून जड, फुटका, पण सगळ्यांना समजेल असा शब्द आला. "हळू."

मग पुन्हा, रागाने, "हळू गो."

नणंद भावाकडे बघत राहिली. झटक्यानंतर तिने त्याचा आवाज ऐकलाच नव्हता.

भाभी म्हणाल्या, "चेंडू नुसता भिरकावून देतो तो. माझ्यावर रागावतो. रागावला की बोलतो. म्हणून खेळते."

व्यायामाच्या बाईंनाही हे माहीत होतं. त्यांनीच म्हटलं होतं, हात हलतोय ना, मग कशाने का हलेना. भाभींनी बाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "लोकांना सांगत बसले तर खेळू कधी?"

नणंद उठली, डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि पिठाचा डबा शोधू लागली. माफी कोणी मागितली नाही. तिचा नवरा रिकामी गाडी घेऊन परत गेला आणि ती राहिली. काही दिवसांनी निघताना दारात म्हणाली, "त्याला जिंकू देत जा गो अधूनमधून."

"ओळखतो तो," भाभी म्हणाल्या. "मुद्दाम हरले तर रिमोट टाकून देतो."

भाईंचा हात पूर्ण आला नाही. पण ते चमच्याने जेवू लागले, काठी घेऊन गॅलरीत येऊ लागले, आणि बंदरात शिरणाऱ्या ट्रॉलरच्या इंजिनाचा आवाज ऐकून त्याचं काय बिघडलंय ते चार-दोन शब्दांत सांगू लागले. तशी त्यांची काही चांगली वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात झोपेतच गेले.

मुलाने भाभींना मस्कतला बोलावलं. घर भाड्याने द्यायचं ठरलं. त्यांनी भांडी वाटली, शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिली. काकूंनी ती घेतली आणि त्या रडल्या.

निघायच्या दिवशी नणंद जयगडहून आली होती. रिक्षात भाभी काळा बुरखा घालून बसल्या, शेजारी ती, आणि तिच्या मांडीवर, आता तिचाच झालेला, चादरीत बांधलेला गेमचा डबा. मी वाकून भाभींचा हात धरला. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, "टाकीच्या किल्लीला तेल घाल, गंजतेय."

रिक्षा उतारावर लागली. मागच्या छोट्या काचेतून दोघींची डोकी दिसत होती, एकमेकींकडे वळलेली. भाभींनी दोन्ही हात समोर धरले होते आणि हवेतच अंगठे हलवून त्या नणंदेला काहीतरी दाखवत होत्या.