पुढे ओढलेली सीट

त्या जीपची पुढे ओढलेली सीट अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. झोप मात्र एका साध्या अपघातानं घालवली. नाव कुणाचंच लिहीत नाही.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सीताफळांचे दिवस. दुचाकीवर क्रेट बांधून मांजरसुंब्याकडे निघालेल्या एका फळविक्रेत्याला जीपनं मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं. जीप तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याची. आम्ही घटनास्थळाहून परतेपर्यंत त्याचा ड्रायव्हर ठाण्याच्या बाकावर येऊन बसला होता. "मीच चालवत होतो साहेब. गाय आडवी आली."

आमच्याकडे हे नेहमीचंच. अपघात झाला की परवाना असलेला माणूस आपणहून हजर होतो आणि खरंच हाच चालवत होता का, हे कुणी फार खोलात विचारत नाही. बिनपरवान्याचं नाव लिहिलं तर विमा बुडतो आणि जखमीच्या हाती काही लागत नाही, असं आम्ही सगळेच धरून चालायचो. मीही.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला.

"साहेब, गाडी ड्रायव्हर चालवत नव्हता."

"मग कोण?"

"मी."

ती पुढाऱ्याची सून. शाळेत शिक्षिका. गाडी शिकत होती, परवाना निघालेला नव्हता. "घरात माझं कुणी ऐकत नाही. मी ठाण्यात येऊन जबाब देते. येऊ का?" मी तिचा नंबर घेतला आणि कळवतो म्हणालो.

टोचन करून आणलेली जीप आवारात लिंबाखाली उभी होती, चालकाची सीट पार पुढे ओढलेली. ड्रायव्हर सहा फुटी गडी. त्याला म्हणालो, "बस आत." तो कसाबसा शिरला. गुडघे स्टिअरिंगला भिडले.

"अशीच चालवलीस का बे?"

"हो साहेब."

"क्लच दाबून दाखव."

त्याचा पाय वाकेना. हवालदाराला हसू आवरेना. "साहेब, ह्याला आता भाईर काढायला क्रेन लागती."

ड्रायव्हर हसला नाही. बाहेर आला, घाम पुसला आणि हळूच म्हणाला, "वहिनीसाहेबांचं नाव निघालं तर मालकाची इज्जत जाती. मालकानं एसटीत चिकटवतो म्हणलंय मला. दंड भरू, मिटंल. तुमी कावून खोदताय?"

एसटीचा खाकी गणवेश हे त्याचं फार दिवसांचं स्वप्न होतं. हलगर्जीपणे गाडी चालवल्याची शिक्षा एकदा नावावर लागली की त्याच्यासाठी तीच वाट बंद होणार, हे मला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं. ते वाक्य माझ्या अगदी जिभेवर आलं होतं.

तेवढ्यात जखमीचा थोरला भाऊ फाटकातून आत आला. "साहेब, डॉक्टर म्हंत्यात पाय वाचवाया लई खर्च हाय. गाडी कोन बी चालवू द्या. आमाला इमा मिळाला पायजे." मागोमाग पुढाऱ्याचा फोन. "गरिबाचं भलं होतंय साहेब, होऊ द्या की. तुमच्या लेकीचं बारावीचं वर्ष आहे ना यंदा?" आवाज गोड होता. मला बदली नको होती, हे त्याला ठाऊक होतं.

आरटीओचे निरीक्षक जीप तपासायला येणार होते. ते येण्याआधी मी दार उघडलं, खटका ओढला आणि सीट स्वतःच्या हातानं मागे सरकवली. हवालदारानं तोंड फिरवलं. मग सुनेला फोन लावला. "ताई, त्या जखमी माणसाला विमा मिळावा असं वाटत असेल तर गप्प राहा." "बरं," ती म्हणाली.

फळविक्रेत्याचा दावा लोकअदालतीत मिटला. तो आता काठी टेकत का होईना, चालतो. ड्रायव्हरनं मालकाच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल केला आणि दंड भरला. एसटीच्या भरतीत गाडी चालवण्याची चाचणी तो उत्तम पास झाला. चारित्र्य पडताळणीत अडकला.

मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलं.

अलीकडे मध्यस्थी आणि अपघात विम्याच्या नव्या नियमांवर वकिलांची एक चर्चा होती. मागच्या रांगेत बसलो होतो. दावे कोर्टाबाहेर झटपट मिटावेत, असा एकाचा आग्रह. दुसरा म्हणाला, मिटवण्याच्या घाईत खरं काय घडलं तेच पुरलं जातं. वाद तापला. तेव्हा एक वकील बाई सहज बोलून गेल्या, "चालकाकडे परवाना नसला तरी जखमी उपाशी राहत नाही. बहुतेक वेळा विमा कंपनीला आधी भरपाई द्यावी लागते, मग ती मालकाकडून वसूल करते. हे काही नवीन नाही."

म्हणजे ते खोटं जखमीसाठी लागतच नव्हतं. ते मालकाच्या खिशासाठी होतं, आणि माझी बदली टळावी म्हणून.

ड्रायव्हर मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर भेटला. येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून आत वळवायचं काम करतो. मी सगळं सांगितलं. तो हातातल्या फडक्यानं तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिला.

"साहेब, एकच सांगा. माजी एसटी जाणार, हे तवा तुमाला म्हाईत होतं?"

"होतं."

"कोर्टात म्हणताल का असं?"

"म्हणेन."

"मग च्या घ्या," तो म्हणाला. स्वतः मात्र घेतला नाही.

मी गाठलेल्या वकिलांच्या मते, गुन्हा कबूल केलेला असला तरी त्याच्या शिक्षेविरुद्ध वरच्या कोर्टात दाद मागता येते. उशीर का झाला, ते मला शपथेवर सांगावं लागेल. माझ्यावरही गुन्हा दाखल होईल. फळविक्रेत्याला मिळालेली भरपाई परत जाणार नाही असं ते म्हणतात. त्यांची खात्री आहे. माझी अजून नाही.

कायदे सुधारण्यावर चर्चा होतात, व्हायलाच हव्यात. पण दावा पुढे कुठेही मिटो, त्याची पहिली ओळ ठाण्यात लिहिली जाते. तिथं बसलेला माणूस घाबरट असेल तर वरचा सुधारलेला कायदाही त्याचंच खोटं पुढे नेतो. हे मला कळलं, दुसऱ्याची नोकरी घालवून.

त्या दादीसाठी आणखी एक साक्ष लागणार होती. सुनेचा नंबर मी पुसला नव्हता. फोन लावला, नाव सांगितलं. म्हणालो, "ताई, तेव्हा तुम्हाला गप्प बसवलं. आता बोलायची तयारी आहे का?"

"साहेब," ती म्हणाली, "मी तर तेव्हाच तयार होते."